कायद्याच्या शिक्षणाची पूर्वतयारी म्हणून राज्यशास्त्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कायद्याकडे वळू इच्छिणारे अनेक विद्यार्थी पदवीसाठी राज्यशास्त्र निवडतात. त्यांना सल्ला देणाऱ्यांपैकी काहींना हा विषय म्हणजे वकिलीचा राजमार्ग वाटतो, तर काहींना निव्वळ वाया जाणारी तीन वर्षे. दोन्ही मते टोकाची आहेत. राज्यशास्त्रातून कायद्याच्या विद्यार्थ्याला पुष्कळ मिळू शकते, पण ते पदवीच्या नावामुळे मिळत नाही, तर तो विषय कसा अभ्यासला यावर ते अवलंबून असते. पुढील उत्तरे या भूमिकेतून लिहिली आहेत.

कायद्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यासाठी राज्यशास्त्राची पदवी आवश्यक आहे का?

नाही. कायद्याचे शिक्षण कोणत्या टप्प्यावर सुरू होते हे देशागणिक बदलते, मात्र राज्यशास्त्राची सक्ती कोठेही सर्वसाधारण नियम म्हणून आढळत नाही. अमेरिकेत कायद्याचे तीन वर्षांचे शिक्षण पदवीनंतर सुरू होते, आणि तेथील विधी महाविद्यालयांना मान्यता देणारी अमेरिकन बार असोसिएशन पदवीसाठी कोणत्याही एका विषयाची शिफारस करत नाही. इंग्लंडमध्ये कायदा हा पदवीचाच विषय आहे. अन्य विषयातील पदवीधरांसाठी तेथे स्वतंत्र रूपांतर अभ्यासक्रम असतात. ऑस्ट्रेलियात पदवीपूर्व आणि पदव्युत्तर असे दोन्ही मार्ग खुले आहेत. भारतात बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार कोणत्याही शाखेच्या पदवीधराला तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश घेता येतो. त्यासाठी सर्वसाधारण प्रवर्गातील विद्यार्थ्याला पदवीला किमान ४५ टक्के गुण लागतात आणि राखीव प्रवर्गांना या अटीत सवलत आहे. वाणिज्य, विज्ञान, अभियांत्रिकी वा वैद्यकशास्त्र शिकलेली माणसे उत्तम वकील आणि न्यायाधीश झाल्याची उदाहरणे सर्वत्र आहेत.

मग इतके विद्यार्थी राज्यशास्त्रच का निवडतात?

अमेरिकेत विधी महाविद्यालयांकडे अर्ज करणाऱ्यांमध्ये राज्यशास्त्राचे विद्यार्थी दीर्घकाळ सर्वाधिक संख्येने आढळतात. कायदा कोण करतो, तो करण्याचा अधिकार त्यांना कोठून मिळतो, नागरिकांनी तो का पाळावा, आणि सत्ताधाऱ्यांनीच तो मोडला तर त्यांना कोण अडवणार, हे प्रश्न राज्यशास्त्राच्या गाभ्याचे आहेत. कायद्याच्या वर्गात यांपैकी बऱ्याच प्रश्नांची उत्तरे गृहीत धरून पुढे जावे लागते, कारण तेथे वेळ नियम समजून घेण्यात जातो. ज्याने हे प्रश्न आधी सावकाश हाताळले आहेत, त्याला नियमामागचा हेतू लवकर दिसतो.

याखेरीज एक व्यावहारिक कारण आहे, आणि ते तितकेसे चांगले नाही. पुष्कळ विद्यार्थी ‘वकील व्हायचे आहे म्हणून राज्यशास्त्र’ असा विचार करून हा विषय घेतात आणि मग त्यात मन घालत नाहीत. असा विद्यार्थी टिपणे पाठ करून पदवी मिळवतो, पण ज्या सवयींसाठी हा विषय घ्यावा, त्या सवयी त्याला लागत नाहीत. कायद्याला प्रवेश मिळाला नसता तरीही आपण हा विषय आवडीने शिकलो असतो का, हा प्रश्न प्रत्येकाने प्रवेशापूर्वी स्वतःला विचारावा. उत्तर नकारार्थी असेल, तर ज्या विषयात खरी गोडी आहे तो घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

राज्यशास्त्राचा विद्यार्थी आणि कायद्याचा विद्यार्थी एकाच घटनेकडे वेगळ्या नजरेने पाहतात का?

होय. हा फरक वेळीच न कळल्यामुळे राज्यशास्त्राचे अनेक हुशार पदवीधर कायद्याच्या पहिल्या परीक्षेत गडबडतात, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे.

भारतातील पक्षांतरबंदीचे उदाहरण घेऊ. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत दहावी अनुसूची समाविष्ट झाली. राज्यशास्त्राचा विद्यार्थी विचारतो : १९६७ नंतर पक्षांतरे एवढी का वाढली, दुबळ्या पक्षसंघटनेचा त्यात किती वाटा होता, आणि या तरतुदीमुळे सरकारे स्थिर झाली की आमदार पक्षश्रेष्ठींच्या अधिक अधीन झाले? कायद्याचा विद्यार्थी त्याच अनुसूचीतील एका वाक्प्रयोगाशी थांबतो. सदस्याने ‘स्वेच्छेने पक्षाचे सदस्यत्व सोडणे’ म्हणजे नेमके काय? त्यासाठी लेखी राजीनामा हवा, की विरोधी पक्षाच्या नेत्यांसोबत राज्यपालांची भेट घेणे यासारख्या वर्तनावरूनही तसा निष्कर्ष काढता येतो? १९९४ मध्ये रवी नाईक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या शब्दांचा अर्थ राजीनाम्यापुरता मर्यादित नाही आणि सदस्याच्या वर्तनावरूनही तसे अनुमान काढता येते. त्याआधी १९९२ मध्ये किहोतो होलोहान प्रकरणात न्यायालयाने सभागृहाच्या अध्यक्षांचा अपात्रतेविषयीचा निर्णय न्यायिक पुनर्विलोकनास, म्हणजे न्यायालयाकडून तपासला जाण्यास, पात्र ठरवला. न्यायालयांची अधिकारकक्षा रोखणारा परिच्छेद त्या वेळी रद्द झाला, आणि त्यामागचे कारण असे की अशा बदलासाठी आवश्यक असलेले निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचे अनुसमर्थन घेतलेलेच नव्हते.

परीक्षेत ‘अमुक सदस्य अपात्र ठरेल का’ असे विचारले असता पहिला विद्यार्थी पक्षपद्धतीच्या ऱ्हासावर चार पाने लिहितो आणि प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहून जाते. दुसरा विद्यार्थी वादाचा मुद्दा निश्चित करतो, लागू असलेला नियम सांगतो, तो नियम दिलेल्या वस्तुस्थितीला लावतो आणि निष्कर्षावर येतो. कायद्यात ही दुसरी शिस्त अनिवार्य आहे. तथापि, पहिल्या विद्यार्थ्याला जे ठाऊक आहे ते निरुपयोगी नाही. २००३ च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने एक तृतीयांश सदस्यांच्या ‘फुटी’ला असलेले संरक्षण का काढून टाकले, हे त्याला चटकन कळते, आणि ज्या वकिलाला तरतुदीमागील दुखणे कळते तो तिच्या अर्थाविषयी अधिक परिणामकारक युक्तिवाद करू शकतो.

अमेरिकेतील १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यातही असेच दिसते. कायद्याच्या वर्गात तो न्यायिक पुनर्विलोकनाचा आधार म्हणून शिकवतात. राज्यशास्त्राच्या वर्गात त्याआधीची १८०० ची निवडणूक, पायउतार होणाऱ्या अध्यक्षांनी शेवटच्या घटकेला केलेल्या नेमणुका, आणि सरन्यायाधीश मार्शल हे स्वतःच त्या नेमणूकपत्रांवर मोहोर उठवणारे परराष्ट्रमंत्री होते ही विलक्षण बाब, यांची चर्चा होते. मार्बरी हा अशीच नेमणूक झालेला, पण नेमणूकपत्र न मिळालेला गृहस्थ; त्याला हक्क असल्याचे न्यायालयाने मान्य केले, पण दाद देण्याचा अधिकार आपल्याला नाही असे सांगितले; ज्या कायद्याने तो अधिकार दिला होता तोच घटनाबाह्य ठरवला. नव्या सरकारला झुगारता येईल असा कोणताही आदेश न देता न्यायालयाने स्वतःचे मोठे अधिकारक्षेत्र प्रस्थापित केले. हे कौशल्य दोन्ही विषय एकत्र वाचल्याशिवाय पूर्णपणे उमगत नाही.

राज्यशास्त्रातील कोणते भाग कायद्यासाठी सर्वाधिक उपयोगी पडतात?

राजकीय विचार हा भाग माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे, आणि दुर्दैवाने विद्यार्थी नेमका त्यालाच कंटाळतात. इंग्रज विचारवंतांपैकी हॉब्जला राज्यसंस्था भयापोटी हवी होती, लॉकला हक्कांच्या रक्षणासाठी. मिलने व्यक्तीच्या स्वातंत्र्यावर बंधन घालण्याची रास्त मर्यादा इतरांना होणारी हानी ही ठरवली. फ्रेंच विचारवंत मॉन्टेस्क्यूने १७४८ मध्ये सत्ताविभाजनाची जी मांडणी केली, तिचे पडसाद आजही न्यायालयांत उमटतात. असे विचार पुढे थेट निकालांत उतरतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ग्रीसचा इतिहास लिहिणारा इंग्रज इतिहासकार ग्रोट याचा आधार घेऊन ‘संवैधानिक नैतिकता’ ही कल्पना मांडली, आणि ही नैतिकता नैसर्गिक नसून प्रयत्नपूर्वक अंगी बाणवावी लागते असे बजावले. सत्तर वर्षांनी, २०१८ मध्ये, समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा तेवढा भाग रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने बहुसंख्याकांच्या सामाजिक नैतिकतेहून संवैधानिक नैतिकता वरचढ मानली. ज्याने ग्रोट, आंबेडकर आणि मिल एकत्र वाचले आहेत, त्याला हा निकाल वाचताना त्यातील वादाची मुळे दिसतात. इतरांना केवळ त्याची फलश्रुती कळते.

त्यानंतर तुलनात्मक शासनपद्धती आणि संघराज्यवाद यांचा क्रम लागतो. एस. आर. बोम्मई प्रकरणाच्या १९९४ च्या निकालात नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने राष्ट्रपती राजवटीच्या अधिकारावर मर्यादा घातल्या, आणि सरकारला बहुमत आहे की नाही याची कसोटी सभागृहातच लागावी हे तत्त्व प्रस्थापित केले. त्या निकालात केंद्र-राज्य संबंधांवरील सरकारिया आयोगाच्या अहवालाचा आधार घेतलेला आहे, आणि हा अहवाल राज्यशास्त्राच्या कोणत्याही गंभीर अभ्यासक्रमात विद्यार्थ्याच्या हाती येतो. ब्रिटनमध्ये एकत्र संहिताबद्ध अशी राज्यघटना नाही. तरीही २०१९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या, सुनावणी करणाऱ्या अकराही न्यायाधीशांनी संसदेचे अधिवेशन संस्थगित करण्याचा पंतप्रधानांनी राणीला दिलेला सल्ला एकमताने बेकायदेशीर ठरवला, आणि त्यासाठी संसदेचे सार्वभौमत्व व सरकारचे संसदेप्रति उत्तरदायित्व या दोन तत्त्वांचा आधार घेतला. लिखित नियम नसताना तत्त्वांवरून निर्णय कसा होतो, हे समजण्यासाठी ही तत्त्वे आधी ठाऊक असावी लागतात.

लोकप्रशासनाचा अभ्यास पुढे प्रशासकीय कायद्यात उपयोगी पडतो, कारण प्रत्यायुक्त विधिविधान (कायदेमंडळाने सोपवलेल्या अधिकारातून प्रशासनाने केलेले नियम), स्वेच्छाधिकार आणि न्यायाधिकरणे हे विषय तेथे पुन्हा भेटतात. आंतरराष्ट्रीय संबंधांचा उपयोग आंतरराष्ट्रीय कायद्यात होतो. निवडणुका, पक्ष आणि जनमत हे भाग रंजक असले तरी निवडणूक कायद्याखेरीज त्यांचा थेट संबंध फारसा येत नाही.

पदवीला राज्यघटना शिकल्यावर कायद्यात तीच पुन्हा शिकावी लागते का?

शिकावी लागते, पण वेगळ्या रीतीने. पदवीला विद्यार्थी बहुधा मूलभूत हक्कांची यादी, संसदेची रचना आणि घटनादुरुस्तीची पद्धत शिकतो. कायद्यात एकाच अनुच्छेदाचा अर्थ निकालांमधून कसा बदलत गेला हे पाहावे लागते. उदाहरणार्थ, संसद मूलभूत हक्कांत दुरुस्ती करू शकते का, या प्रश्नाला १९५१ च्या शंकरी प्रसाद खटल्यात होकार मिळाला, १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात नकार मिळाला, आणि २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने सांगितले की दुरुस्ती करता येईल, पण राज्यघटनेच्या मूलभूत संरचनेला धक्का लावता येणार नाही. हा निकाल सातशेहून अधिक पानांचा आहे, त्यात अनेक स्वतंत्र निकालपत्रे आहेत, आणि बहुमताचे नेमके मत काय होते यावरही वाद झाला. पदवीच्या पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात आटोपलेली गोष्ट मुळात किती गुंतागुंतीची आहे, याची जाणीव ठेवून कायद्याच्या वर्गात यावे. ‘हे मला आधीच येते’ असे समजणाऱ्याचे राज्यघटनेच्या पेपरात सर्वाधिक नुकसान होते.

कायद्यातील कोणत्या विषयांत राज्यशास्त्राचा फारसा उपयोग होत नाही?

करार कायदा, मालमत्तेचे हस्तांतरण, कंपनी कायदा, करविषयक कायदे, अपकृत्य कायदा (करार नसतानाही झालेल्या हानीच्या भरपाईचा कायदा), पुरावा आणि दिवाणी प्रक्रिया या विषयांत थेट उपयोग फार थोडा होतो. वकिलांचे रोजचे बरेचसे काम मात्र याच विषयांत असते. राज्यशास्त्र प्रामुख्याने नागरिक आणि राज्यसंस्था यांच्यातील संबंधांविषयी बोलते. दोन खासगी व्यक्तींमधील व्यवहार बिघडल्यावर काय होते, याविषयी ते जवळजवळ मौन बाळगते.

या विषयांतील विचारपद्धतीची चव आधी घ्यायची असेल, तर १९३२ चा डोनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन हा खटला पाहावा. मैत्रिणीने विकत घेतलेल्या पेयाच्या अपारदर्शक बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाल्याची एका महिलेची तक्रार होती. तिचा उत्पादकाशी कोणताही करार नव्हता. तरीही, आपल्या कृतीचा परिणाम ज्यांच्यावर होईल हे वाजवीपणे आधीच दिसू शकते, त्यांच्याविषयी काळजी घेण्याचे कर्तव्य आपल्यावर असते, असे न्यायाधीश लॉर्ड ॲटकिन यांनी म्हटले. एका क्षुल्लक वाटणाऱ्या घटनेतून सर्वसाधारण तत्त्व कसे काढले जाते आणि पुढे त्याला मर्यादा कशा घातल्या जातात, ही प्रक्रिया राज्यशास्त्राच्या वर्गात क्वचितच दिसते. ज्याला शक्य आहे त्याने पदवीच्या काळात अर्थशास्त्र, हिशेब किंवा तर्कशास्त्र यांपैकी एखादा विषय जोडीला घ्यावा.

प्रवेश परीक्षेत राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला फायदा होतो का?

ज्ञानाचा फायदा थोडा होतो, सवयींचा अधिक. अमेरिकेतील आणि कॅनडातील विधी महाविद्यालयांसाठी होणाऱ्या एलसॅट परीक्षेचे गुण १२० ते १८० या श्रेणीत दिले जातात. ऑगस्ट २०२४ पासून त्यातील विश्लेषणात्मक कोड्यांचा भाग वगळण्यात आला असून, आता गुणांकनासाठी युक्तिवादाचे तार्किक परीक्षण आणि आकलन हेच दोन प्रकार आहेत. राज्यशास्त्राचे कोणतेही तथ्य तेथे विचारत नाहीत. मात्र एखाद्या परिच्छेदातील छुपे गृहीतक ओळखणे किंवा निष्कर्ष कोठे लंगडा पडतो ते दाखवणे, हे राजकीय विचारवंत काळजीपूर्वक वाचणाऱ्याला सवयीने जमते. भारतातील क्लॅट परीक्षाही २०२० पासून उताऱ्यांवर आधारित आहे. तिच्यातील कायदेशीर तर्काच्या प्रश्नांसाठी कायद्याचे पूर्वज्ञान आवश्यक नसते, आणि चालू घडामोडींच्या विभागात राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याची वर्तमानपत्र नीट वाचण्याची सवय उपयोगी ठरते.

केवळ परीक्षेतील गुणांचा विचार केला, तर तत्त्वज्ञान, गणित किंवा अर्थशास्त्र शिकलेले विद्यार्थी एलसॅटमध्ये सरासरीने सरस ठरतात, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. यात कोणत्या प्रकारचे विद्यार्थी मुळात तो विषय निवडतात याचाही भाग आहे. त्यामुळे निव्वळ गुणांसाठी विषय बदलणे योग्य ठरणार नाही.

राज्यशास्त्रातील संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र टाळले तर चालेल का?

चालेल, पण टाळू नये. न्यायालयांसमोर सामाजिक आकडेवारी वारंवार येते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये वर्णभेदावर आधारित शाळा घटनाबाह्य ठरवताना समाजशास्त्रीय व मानसशास्त्रीय अभ्यासांचा दाखला एका तळटीपेत दिला, आणि ती तळटीप आजवर वादाचा विषय राहिली आहे. भारतात स्थानिक स्वराज्य संस्थांतील इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी समर्पित आयोगामार्फत समकालीन आणि काटेकोर अनुभवजन्य चौकशी झाली पाहिजे, अशी अट सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या निकालातून घातली आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रासंबंधीच्या प्रकरणात ती पुन्हा अधोरेखित केली. अशा प्रकरणात नमुना कसा निवडला, दोन गोष्टी सोबत घडतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरते का, हे विचारू शकणारा वकील तुलनेने दुर्मिळ असतो.

वाचन आणि लेखनाची तयारी कशी करावी?

मूळ ग्रंथ आणि मूळ दस्तऐवज वाचावेत, मार्गदर्शकांवर विसंबू नये. संविधान सभेतील चर्चांचे खंड, आयोगांचे अहवाल आणि न्यायनिर्णय हे सर्व जाहीरपणे उपलब्ध आहे. एखाद्या लेखकाशी आपण सहमत नसलो, तरी त्याचा युक्तिवाद त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडता येणे ही पहिली पायरी, आणि त्यानंतर त्याचे खंडन ही दुसरी. वकिलाला प्रतिपक्षाची बाजू त्याच्याइतकीच चांगली माहीत असावी लागते, आणि ही तयारी राज्यशास्त्राच्या निबंधांतून उत्तम होते.

लेखनात मात्र एक बदल करावा लागेल. राज्यशास्त्राच्या उत्तरात ‘एकीकडे असे, दुसरीकडे तसे’ अशी समतोल मांडणी चालते आणि तिला गुणही मिळतात. कायद्याच्या उत्तरात शेवटी ठाम निष्कर्ष द्यावा लागतो, आणि प्रत्येक विधानाला नियमाचा किंवा निकालाचा आधार जोडावा लागतो. म्हणून पदवीच्या काळातच प्रत्येक निबंधाच्या पहिल्या परिच्छेदात आपले म्हणणे एका वाक्यात सांगण्याची सवय लावून घ्यावी.

राज्यशास्त्राऐवजी इतिहास, अर्थशास्त्र किंवा तत्त्वज्ञान घेतले तर?

तेही तितकेच योग्य ठरू शकते. अर्थशास्त्र स्पर्धा कायदा, करविषयक कायदे आणि कंपनी कायदा यांसाठी सरस आहे. तत्त्वज्ञान युक्तिवादाची धार वाढवते. इतिहासामुळे परस्परविरोधी पुराव्यांतून सत्याच्या जवळ जाण्याचा अभ्यास होतो. डॉ. आंबेडकरांचा कोलंबिया विद्यापीठातील मुख्य विषय अर्थशास्त्र होता. राज्यशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र यांचे वाचन त्यांनी त्याच्या जोडीने केले आणि बॅरिस्टरीचे शिक्षण लंडनच्या ग्रेज इन या संस्थेतून घेतले. भारतीय राज्यघटनेच्या मसुद्यात आर्थिक, सामाजिक आणि कायदेशीर विचार एकत्र नांदतात, यामागे हे बहुविध वाचन आहे.

भारतात बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम घ्यावा, की आधी पदवी आणि मग तीन वर्षांची एलएलबी?

पाच वर्षांच्या बीए एलएलबीत राज्यशास्त्र बहुतेक ठिकाणी सुरुवातीच्या वर्षांत शिकवले जातेच, त्यामुळे हा मार्ग निवडल्याने विषय पूर्णपणे सुटतो असे नाही. बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलची पहिली तुकडी १९८८ मध्ये सुरू झाल्यापासून एकात्मिक शिक्षणाला प्रतिष्ठा मिळाली, आणि त्यात एक वर्षही वाचते. याच संस्थेने २०२२ पासून पदवीधरांसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रमही सुरू केला, यावरून या दुसऱ्या मार्गाचे महत्त्व ध्यानात यावे.

सतराव्या-अठराव्या वर्षी वकिलीचा निर्णय पक्का झालेला असेल, तर पाच वर्षांचा अभ्यासक्रम घ्यावा. निर्णयाविषयी शंका असेल, स्पर्धा परीक्षा, पत्रकारिता किंवा अध्यापन हे पर्याय मनात असतील, तर राज्यशास्त्राची स्वतंत्र पदवी अधिक मोकळीक देते. न्यायिक सेवेत जाऊ इच्छिणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी : मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली आहे, त्यामुळे शिक्षणाची एकूण वर्षे मोजताना ही तीन वर्षेही धरावीत.

पदवीचे शिक्षण मराठीतून झाले असेल तर कायद्याच्या शिक्षणात अडचण येते का?

विचार करण्याची क्षमता कोणत्याही भाषेत घडते, आणि मराठीतून नीट शिकलेला विद्यार्थी इंग्रजीतून पाठांतर केलेल्याच्या पुढे जातो. तथापि अनुच्छेद ३४८ नुसार सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, उच्च न्यायालयांतही सर्वसाधारणपणे तीच भाषा आहे, आणि मूळ निकाल इंग्रजीत असतात. म्हणून पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक संकल्पना दोन्ही भाषांत लिहून पाहावी. जिल्हा व तालुका न्यायालयांत मराठीवरील प्रभुत्व ही मोठी जमेची बाजू ठरते. पक्षकाराची कैफियत त्याच्याच भाषेत समजून घेणारा वकील त्याचा विश्वास लवकर मिळवतो.

ठाम राजकीय मते असणे कायद्याच्या अभ्यासात अडथळा ठरते का?

मते असणे अडथळा ठरत नाही. निकाल वाचण्यापूर्वीच तो बरोबर की चूक हे ठरवून टाकणे मात्र घातक ठरते. आपल्याला न पटणाऱ्या निकालातील बहुमताचा युक्तिवाद आणि आपल्याला पटणाऱ्या निकालातील असहमतीचे मत, ही दोन्ही आवर्जून वाचावीत. न्यायालये केवळ राजकारण करतात असे मानणारा विद्यार्थी आणि न्यायालयांचा राजकारणाशी काहीही संबंध नाही असे मानणारा विद्यार्थी, दोघांनाही निकालपत्रातील कारणमीमांसेशी प्रामाणिकपणे झुंजावे लागत नाही, आणि त्यामुळे दोघेही शिकत नाहीत.

कायद्याआधी राज्यशास्त्रात एम.ए. करणे इष्ट आहे का?

केवळ वकिली करायची असेल तर नाही. घटनात्मक कायद्यात अध्यापन वा संशोधन करण्याचा मानस असेल, तर एम.ए. उपयोगी पडते, परंतु ते कायद्यानंतर केले तरी चालते.

पदवीच्या शेवटच्या वर्षात नेमके काय करावे?

एक निकालपत्र पूर्ण वाचावे. बोम्मई किंवा केशवानंद भारतीपासून सुरुवात करू नये, ते फार मोठे आहेत. वीस-तीस पानांचा, ज्याची वस्तुस्थिती सहज समजेल असा निकाल निवडावा. वाचताना चार गोष्टी स्वतःच्या शब्दांत लिहाव्यात : काय घडले, न्यायालयापुढे प्रश्न कोणता होता, निकाल कोणत्या कारणावर उभा आहे, आणि न्यायाधीश जाता जाता जे बोलले पण ज्यावर निकाल अवलंबून नाही असा भाग कोणता. शेवटच्या दोहोंतील फरक करणे पहिल्या वेळी अवघड जाते. त्यानंतर त्याच प्रकरणावर राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने लिहिलेला लेख मिळवून वाचावा आणि दोन्हींनी कोणत्या गोष्टी वगळल्या याची नोंद करावी. दर पंधरवड्याला असा एक निकाल वाचला, तर वर्षअखेरीस विद्यार्थ्याच्या वहीत वीसहून अधिक टिपणे जमतील. शक्य असल्यास जवळच्या न्यायालयात खुल्या सुनावण्यांना बसावे आणि वकील कोणत्या तरतुदीवर बोलत आहे ते टिपून, घरी येऊन ती तरतूद मूळ कायद्यात काढून वाचावी.